दोन लिंका बदलायच्या होत्या, वेळ गेला गाडी उचलण्यात

पावसाळ्यानंतर सांगलीतले रस्ते कसे असतात ते सांगायला नको, आमच्या जुन्या हॅचबॅकची पुढून खडखड सुरू झाली, बघितलं तर दोन्ही स्टॅबिलायझर लिंक गेलेल्या (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार, त्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारे हे छोटे दांडे). काम दोन-दोन नटांचं, म्हटलं घरीच करू. पण एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि ती निघता निघत नाही. म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम वर पाहिजेत, आणि गाडीबरोबरचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता.

मग मेव्हण्याचा ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) आणला, उचललेली गाडी टेकवायला स्टँडची जोडी विकत घेतली. उंची पक्की करायला आरपार पीन असते तसले घेतले, पीन पलीकडं बाहेर आलेली दिसली की मला बरं वाटतं. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नको, ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

खरं डोकं खाल्लं ते जमिनीनं. विश्रामबागेत आमच्या दारात काळी माती, वर नुसते पेव्हर टाकलेले, स्टँडचे पाय तिथं एका बाजूनं रुतणार हे नक्की. पोर्चमध्ये शहाबादी आहे पण काठी आपटत गेलो तर कडेच्या फरश्या पोकळ वाजल्या. शेवटी मधला भरीव भाग धरला आणि प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा टाकला. पाणी जायला गेटकडं थोडा उतार आहेच, म्हणून हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर असतो त्यामुळं पुढून उचलताना तो कामाचा, मागून उचलायचं असतं तर त्याचा काय उपयोग.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले केले. आता जॅक कुठं लावायचा? दाराखालच्या पट्टीवरच्या खाचांना लावला तर स्टँडला जागाच उरत नाही. मॅन्युअलमध्ये पुढच्या क्रॉसमेंबरची (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीची) मधली जागा दाखवलीय (प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, आणि ऑइल चेंबरला लावला तर पत्रा चेपलाच म्हणून समजा). गाडी वर जाते तसा जॅक स्वतः थोडा आत सरकला पाहिजे, त्याचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं तर वरचं टेकण घसरतं, म्हणून मेव्हणा फक्त तेवढंच बघत बसलेला.

दोन्ही खाचांखाली स्टँड, जॅक हळू सोडला, वजन स्टँडवर आलं. चाकं काढायच्या आधी बॉनेटच्या कडेला धरून गाडी चांगली गदागदा हलवली. डावा स्टँड किंचित डुलला, प्लायखाली खडा होता. परत उचललं, खडा काढला, परत हलवलं, मग कुठं हात आत घातला. स्टँड सटकलाच तर म्हणून काढलेली चाकं दाराच्या पट्टीखाली आडवी सारली आणि जॅकही नुसता टेकवून ठेवला.

लिंका पटकन झाल्या, फक्त नटाबरोबर आतली पीन फिरत होती ती अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लावून धरली. चाकाचे नट शेवटचे आवळले ते गाडी खाली घेतल्यावरच.

खडखड गेली. आता मागून एक बारीक आवाज ऐकू येतोय, बहुतेक स्टेपनी ढिली आहे.