मागचं दार आधी

स्वादुपिंडाला सूज आलेल्या रुग्णाला अचानक काळी शौच होऊ लागते, हिमोग्लोबिन उतरतं आणि एंडोस्कोपीत व्रण काही सापडत नाही. अशा वेळी थांबू नका, सीटी अँजिओग्राफी (शिरेत डाय सोडून रक्तवाहिन्यांचं स्कॅन) करा. पाचकरसाने शेजारची धमनी कुरतडली असेल, तर तिच्या कडेला डायचा गोल ठिपका दिसतो. हा स्यूडोअ‍ॅन्युरिझम. खऱ्या फुगवट्याला भिंतीचे तिन्ही थर असतात. इथे भिंत फाटलेली असते, रक्त जेमतेम भोवतालच्या ऊतींनी अडवलेलं असतं. त्यामुळे ‘लहानच आहे, बघू’ हे मला अजिबात पटत नाही. आकार कितीही असो, तो बंद करायचा.

जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त देणाऱ्या गॅस्ट्रोड्युओडिनल धमनीत खरी गोम आहे. तिला रक्त दोन्हीकडून मिळतं: वरून यकृताच्या धमनीतून, खालून आतड्याला रक्त देणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीच्या फांद्यांतून. नुसती वरची बाजू बंद केली, तर पडद्यावर सगळं छान दिसतं आणि फुगा खालून पुन्हा भरतो. वरची वाट तर आपणच बुजवलेली, आता आत जायचं कुठून! म्हणून जांघेतून 5 फ्रेंच (1 फ्रेंच म्हणजे मिमीचा तिसरा भाग) जाडीची प्रवेशनळी म्हणजे शीथ, वाकड्या टोकाचा कोब्रा कॅथेटर यकृत, जठर आणि प्लीहेला रक्त देणाऱ्या सीलिअ‍ॅक धमनीत, त्यातून साधारण 2.7 फ्रेंचचा मायक्रोकॅथेटर फुग्याचं तोंड ओलांडून पलीकडे न्यायचा. आधी तिथे कॉइल (धमनी बुजवणारं बारीक तारेचं वेटोळं), मग मागे येत अलीकडे.

धमनी 4 मिमी असेल तर कॉइल 5 मिमीची. लहान घेतली तर वाहून जाते. फार मोठी घेतली तर वेटोळं न होता सरळ पडते आणि मायक्रोकॅथेटरला मागे ढकलते. फुग्यात कॉइल कोंबू नका, तो फुटू शकतो. शिवाय कॉइलभोवती गुठळी रुग्णाच्याच रक्ताने धरायची असते. रक्त गोठत नसेल किंवा पलीकडे जाताच येत नसेल, तर ग्लू (धमनीत सोडायचा वैद्यकीय डिंक) बरा. लिपिओडॉल या एक्स-रेत दिसणाऱ्या तेलात साधारण 1:3, आणि त्याआधी मायक्रोकॅथेटर 5 टक्के डेक्स्ट्रोजने धुवायचा. सलाइन लागलं की ग्लू आतच घट्ट होतो.

प्लीहेची धमनी बंद केली तरी शॉर्ट गॅस्ट्रिक धमन्या प्लीहेला बहुधा जगवतात. यकृताची बंद करण्याआधी यकृताला रक्त देणारी दुसरी वाहिनी, पोर्टल व्हेन, उघडी आहे ना, ते बघा. सुपीरियर मेसेंटेरिकचं मुख्य खोड मात्र बुजवायचं नाही, आतडं जाईल. तिथे जमेल तर कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेली जाळीदार नळी).

शीथ काढण्याआधी सीलिअ‍ॅक आणि सुपीरियर मेसेंटेरिक, दोन्हींत डाय सोडून पाहा. खालून केसाएवढी फांदी फुग्याकडे येताना दिसली, तर तीही गाठून बंद करायची.