न्यूट्रल तुटला, तरी इन्व्हर्टर चालूच होता

पावसाळ्याच्या सुरुवातीला देवरूखजवळच्या एका वाडीतून फोन आला. लाईट गेली आहे, घर इन्व्हर्टरवर चालू आहे, पण इन्व्हर्टरच्या पेटीला हात लागताच काकूंना जोराचा शॉक बसला, असे त्यांच्या मुलाने सांगितले. कोरड्या पायांनी जाऊन मेन स्विच पाडा आणि कशालाही हात लावू नका, असे सांगून मी निघालो.

प्रत्यक्षात लाईट गेलेलीच नव्हती. वीज आणणारा फेज मीटरपर्यंत येत होता; खांबावरच्या सांध्यात प्रवाह परत नेणारा न्यूट्रल तुटला होता. व्होल्टेज मिळेना म्हणून इन्व्हर्टरने बॅटरी सुरू केली आणि दिवे-पंखे चालू राहिल्याने कोणाला शंका आली नाही. फ्रिज मात्र थेट लाइनवर होता आणि त्याच्या मोटरच्या वाइंडिंगमधून (तारेच्या गुंडाळीतून) फेज घरातल्या न्यूट्रलवर येऊन थांबला होता. तो पेटीपर्यंत पोहोचला, कारण घराला अर्थिंग (जमिनीशी जोडणी) नसल्याने इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थचे टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडले होते. मेन क्षणभर चालू करून पेटी आणि अंगणात ठोकलेली सळई यांमध्ये मोजले, तेव्हा मल्टिमीटरने दोनशेहून अधिक व्होल्ट दाखवले. असा तुकडा जोडणे मी गुन्हाच मानतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच) सारखी पडत असे, आणि दोष शोधण्याऐवजी कोणीतरी तीच वगळून तारा सरळ जोडल्या होत्या.

लाइनमनने खांबावरचा सांधा दुरुस्त केला. मी तो तुकडा काढला, सांडपाण्याने ओल राहणाऱ्या जागी जांभा फोडून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे अर्थिंग केले आणि तिथून हिरवी तार बोर्डापर्यंत आणली. जांभ्यात अर्थिंगचा रोध कमी मिळणे कठीण असते. तो २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जमिनीकडे साडेअकरा अँपिअरच प्रवाह जातो आणि १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) पडत नाही. आरसीसीबी मात्र तेवढ्यात तत्काळ पडते. म्हणून मुख्य आरसीसीबी पुन्हा जोडून इन्व्हर्टरच्या आउटपुटला दुसरी बसवली.

आरसीसीबीचे टेस्ट बटण अर्थिंग नसतानाही काम करते, त्यामुळे त्यावर मी विसंबत नाही. फेज आणि अर्थ यांमध्ये दिवा लावून आरसीसीबी पडते का, हे आधी लाइनवर आणि मग बॅटरीवर पाहिले. बॅटरीवरच्या चाचणीसाठी इन्व्हर्टरच्या इनपुटची, फक्त फेज तोडणारी एकपोली एमसीबीच पाडली, कारण मेन पाडला असता तर न्यूट्रलही सुटला असता आणि दिव्याचा प्रवाह परतायला वाट राहिली नसती.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत फ्यूज नव्हता. १२ व्होल्टची कोणाला भीती वाटत नाही, परंतु १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी शॉर्ट झाली तर हजाराहून अधिक अँपिअर सोडू शकते आणि तारेचे वेष्टण पेट घेते. पूर्ण लोडला सत्तरेक अँपिअर ओढणाऱ्या त्या इन्व्हर्टरसाठी, तारेची जाडी पाहून, टर्मिनललगत १०० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि मगच मेन चालू केला.