मुठीविना वजन

माझ्या आईचा उजवा हात गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मनगटाशी मोडला. अंगण धुताना पाय घसरला, तोल सावरण्यासाठी तिने हात पुढे टेकवला आणि सगळा भार तळव्यावर आला. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बायकांची हाडे विरळ झालेली असतात आणि असे पडल्यावर कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणारे हाड मनगटाच्या जरा वर तुटते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलेस यांनी या मोडण्याचे वर्णन 1814 मध्ये केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केवळ हाताचा आकार पाहून आणि बोटांनी चाचपून. आजही डॉक्टर त्याला कॉलेस फ्रॅक्चरच म्हणतात. अमळनेरच्या डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातले आणि सहा आठवड्यांनी ते काढले.

प्लास्टरच्या आतून निघालेला हात आईचा वाटत नव्हता. कोपराखालचा भाग सुकलेला, कातडी कोरडी, मनगट लाकडासारखे ताठ आणि मूठ अर्धीच मिटणारी. ज्याकडे आमचे लक्षच नव्हते तो खांदाही आखडला होता, कारण सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत होता आणि आईने भीतीपोटी तो कोपरापासूनही हलवला नव्हता. याच आठवड्यात पुण्याहून माझ्या पुतण्याने आजीसाठी एक खोके पाठवले. त्यात वजनाचे हातमोजे होते: बोटे उघडी, मनगटाला वेल्क्रोचा पट्टा, आणि हाताच्या पाठीवर लोखंडाची भुकटी भरून शिवलेले कप्पे, एकेका मोज्यात मिळून अर्धा किलोचे. खोक्यावरच्या चित्रात एक तरणाबांड मुलगा हवेत ठोसे मारत होता.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे वजन, अंतर, तरफ हे शब्द मला परके नाहीत, आणि कदाचित त्या ओळखीच्या भरवशावरच मी डॉक्टरांना न विचारता दुसऱ्याच दिवशी तो मोजा आईच्या हातात चढवला. "हाई काय लोढनं बांधं रे भाऊ मना हातले?" असे ती म्हणाली आणि मी हसलो. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे बांधतात ते त्याने पळू नये म्हणून. आईची उपमा किती नेमकी होती ते तीन दिवसांनी कळले. मनगट सुजले, हाताची पाठ तकतकीत दिसू लागली आणि रात्री दुखण्याने तिला झोप येईना. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हात पाहिला, बोटांच्या टोकांना टाचणीने हळूच स्पर्श करून अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात बधिरपणा आहे का ते तपासले, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "सर, पट्टा किती घट्ट बांधला होता?" मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस सूज आणि पट्टा यांच्यामध्ये चेपली जाऊ शकते, हे त्यांनी समजावून सांगितले. शिवाय आग होणारे दुखणे, सूज, त्वचेचा बदललेला रंग आणि चकाकी एकत्र दिसली, आणि ती कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर तो एक निराळा, चिवट आजार असू शकतो. त्यात एक दिवसही वाया घालवू नये, हेही सांगितले. आमच्या नशिबाने तो प्रकार नव्हता. मोजे खोक्यात परत गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे वजनाचे नव्हते, फक्त हालचालीचे होते. कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वर-खाली करणे, बोटे एकेक करून अंगठ्याला टेकवणे, आणि कोपर अंगाशी धरून तळवा वर आणि खाली फिरवणे. प्लास्टर निघाले म्हणजे हाड सांधले, पण सांधलेल्या हाडाला अजून जुनी ताकद आलेली नसते आणि सांधा मोकळा होण्यापूर्वी त्यावर भार टाकला तर शरीर त्याला सुजेने उत्तर देते, एवढे साधे गणित मला एका रात्रीच्या तिच्या कण्हण्यातून शिकावे लागले.

मोजे पुन्हा बाहेर निघाले ते जानेवारीच्या मध्यावर, मॅडमच्याच सांगण्यावरून आणि मनगटासाठी नव्हे, तर खांद्यासाठी. त्या दिवशी मला या वस्तूचा खरा उपयोग समजला. डंबेल उचलायचे तर आधी ते धरावे लागते. ज्याची मूठच मिटत नाही, त्याचा खांदा कितीही सशक्त व्हायला तयार असला, तरी डंबेल त्याच्या बोटांतून निसटते. बोटे दोन मिनिटांत थकतात आणि खांद्याला व्यायाम होतच नाही. मोज्यात वजन हाताला बांधलेले असते, धरावे लागत नाही. आमच्या गावच्या तालमीत मुद्गल फिरवणाऱ्यांना मी लहानपणी पाहिले आहे. मुद्गलाचा सगळा भार मुठीपासून दूर असतो आणि सगळी कसरत मुठीची आणि मनगटाची असते, मूठ सैल पडली तर मुद्गल डोक्यात बसायचा. मोजा हा मुद्गलाच्या अगदी उलट आहे: त्यातून मूठ वजा केलेली आहे. म्हणून कमजोर मुठीच्या माणसाला तो सोयीचा, आणि नेमक्या त्याच कारणाने मूठ बळकट करायला तो निरुपयोगी. विकणारे हे दुसरे वाक्य सांगत नाहीत.

अर्धा किलो म्हणजे थोडे, असे मला वाटत होते. फळ्यावर दहावीच्या मुलांना शिकवतो तेच गणित मी घरी केले तेव्हा मत बदलले. माणसाच्या एका अख्ख्या हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के असते. आई 56 किलोची, म्हणजे तिचा हात 2.8 किलोच्या आसपास. त्याचा गुरुत्वमध्य कोपराजवळ, खांद्यापासून साधारण 28 सेंटिमीटरवर. हात समोर आडवा धरला की केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाचा खांद्यावर जितका पीळ येतो, त्यात 60 सेंटिमीटरवर बांधलेला अर्धा किलो आणखी सुमारे 40 टक्क्यांची भर घालतो, कारण तो तरफेच्या अगदी टोकाला आहे. कोपर दुमडून हात उचलला तर हे अंतर जवळजवळ निम्मे होते आणि भरही निम्मी. हे कळल्यावर व्यायामाची पायरी वजन न बदलता नुसत्या कोपराच्या कोनाने कमी-जास्त करता येते, आणि आम्ही तसेच केले.

तरी सुरुवातीला अर्धा किलो जडच होता, आणि विकतच्या मोज्यातले कप्पे शिवून बंद केलेले होते. मग आमच्या शिंप्याकडून मांजरपाटाचा, मागे नाडी असलेला एक साधा मोजा शिवून घेतला आणि त्याच्या पाठीवर पाच छोटे खिसे लावले. खिशांत काय भरावे यावर घरात बराच खल झाला. बाजरी हलकी, त्यामुळे पुरचुंडी फुगते. वाळू शिवणीतून झिरपते. शेवटी सायकल दुकानातून मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे आणले. असा एक छर्रा एक ग्रॅमला किंचित जास्त भरतो, म्हणून शंभर छर्ऱ्यांची एक पुरचुंडी किराणा दुकानाच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या थोडी वर जाते, आणि एवढी अचूकता आईच्या खांद्याला पुरेशी होती. एक पुरचुंडी, दहा वेळा उचलणे, थोडी विश्रांती, असे तीनदा. दहाचा हा आकडा मॅडमनी सहज सांगितला, पण त्यालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी 1945 मध्ये वाढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धत मांडली. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल ते वजन मोजायचे, आणि पुढे 1948 मध्ये रूढ झालेल्या रीतीप्रमाणे आधी त्याच्या निम्म्याने, मग पाऊणपटीने आणि शेवटी पूर्ण वजनाने उचलायचे. आम्ही इतके काटेकोर नव्हतो. दहाही वेळा न दुखता, खांदा कानाकडे न उचकता जमले, तर पुढच्या आठवड्यात दुसरी पुरचुंडी. होळीपर्यंत आई चार पुरचुंड्यांवर आली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढू लागली.

मनगटाचे आणि मुठीचे काम मात्र मोज्याबाहेरच झाले. यामागेही एक बारकी गोष्ट आहे. बांधलेले वजन फक्त जमिनीकडे ओढते. तळवा खाली करून हात टेबलाच्या कडेबाहेर ठेवला तर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना काम मिळते, तळवा वर केला तर खाली वळवणाऱ्यांना. पण तळवा उलटा-सुलटा फिरवण्याच्या हालचालीला, जी आईची सर्वांत जास्त गेली होती, मोजा जवळपास काहीच विरोध करत नाही, कारण त्याचे वजन हाताच्या अक्षाला चिकटूनच असते. त्यासाठी वजन अक्षापासून दूर हवे. लाटणे एका टोकाला धरून हळूहळू डावीकडे आणि उजवीकडे कलवणे हा त्यावरचा उपाय, आणि पुढे लाटण्याच्या जागी घरातली लहान हातोडी आली. मुठीसाठी ओले फडके पिळणे, कपड्यांचे चिमटे दाबणे आणि पाव किलो कणीक मळणे. मनगट थोडे मागे वळल्याशिवाय मूठ घट्ट बसत नाही. वाचकांनी स्वतःचे मनगट खाली वाकवून मूठ आवळून पाहावी, म्हणजे आईची मूठ इतके दिवस का मिटत नव्हती ते लगेच कळेल. प्रगती मोजायला मी वडिलांचे जुने रक्तदाबाचे यंत्र काढले. त्याचा पट्टा गुंडाळून 20 पर्यंत हवा भरायची आणि तो मुठीत दाबायला सांगायचा. काटा जिथवर चढतो तो त्या दिवसाचा आकडा. जानेवारीत उजव्या हाताने काटा 50 लाही पोचत नव्हता, डावा 140 ओलांडत होता. मार्चअखेर उजवा 105 वर आला. आई हा आकडा शेजारणींना परीक्षेच्या गुणांसारखा सांगत असे.

मोज्यांची बातमी गल्लीत पसरल्यावर मागणी आली. अर्धांगवायू झालेल्या एका शेजारच्या नानांच्या मुलाने ते दोन दिवसांसाठी मागितले आणि मी, एकदा पोळलेला, आधी मॅडमना विचारले. त्यांनी साफ नकार दिला. नानांचा खांदा अजून लुळा होता. खांद्याच्या उथळ खोबणीत हाड टिकते ते स्नायूंच्या ताणावर, आणि तो ताण गेलेला असताना हाताला वजन लोंबकळवले तर सांधा खाली सरकतो आणि दुखणे कायमचे मागे लागते. त्यांच्यासाठी वजन नव्हे, तर वाटी उचलणे, बटण लावणे अशी कामाची हालचाल शेकडो वेळा करणे जास्त मोलाचे होते. हात थरथरणाऱ्या आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांना मात्र मनगटावर थोडे वजन बांधून चमचा धरता येतो का ते पाहण्याचा सल्ला मिळाला, कारण जड हाताची थरथर काहींच्या बाबतीत कमी होते. त्यांना जेवणापुरता फरक पडला. पण हात लवकर थकतो आणि वजन काढले की थरथर होती तशीच, असे ते म्हणतात. पहाटे मैदानावर हेच मोजे घालून हवेत झपाझप ठोसे मारणाऱ्या तरुणांबद्दल मला एवढेच वाटते की, वेगात फेकलेले वजन थांबवायचे काम शेवटी कोपर आणि खांदाच करतात, आणि ते खोक्यावरच्या चित्रात दिसत नाही.

एप्रिल लागला तशी खानदेशातली एक वेगळी अडचण समोर आली. दुपारी पारा 42 च्या पुढे गेला की विकतच्या मोज्याच्या रेक्झिनखाली घामोळे उठते. मांजरपाटाचा मोजा धुता येतो, छर्रे काढून वाळत घालता येतो, म्हणून उन्हाळ्यात तोच टिकला. विकतचे मोजे सध्या माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर ठेवलेले असतात.

आईने हे सगळे ज्यासाठी केले ती आखाजी होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. मांड्याची कणीक मऊसूत होईपर्यंत तिंबायची, पुरण भरलेला गोळा जरासा लाटायचा, आणि मग तो दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत रुमालासारखा पातळ करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. खांदा, कोपर, मनगट आणि तळव्याचे फिरणे, सगळेच त्यात लागते. तिचा तळवा अजून पूर्ण उताणा होत नाही. ओंजळीत पाणी घेतले तर उजव्या बाजूने गळते. मॅडम म्हणाल्या होत्या की ही शेवटची थोडी हालचाल सावकाश येईल, किंवा येणारही नाही.

आखाजीला कणीक माझ्या बहिणीने तिंबली. आई खापरासमोर बसली. पहिला मांडा फाटला, दुसरा एका बाजूला जाड राहिला, तिसऱ्यापासून हात बसला. नऊ झाले, एरवी ती पंचवीस करायची. रात्री मनगटाला थोडी सूज होती, ती बर्फाने सकाळपर्यंत उतरली.