बैलाच्या चालीची वाट

कळसूबाईच्या शिड्यांवर रविवारी रांग लागते. त्या रांगेत मागचा पोरगा ‘काका, सावकाश’ म्हणतो, तेव्हा त्याचा बूट काकांच्या टाचेवर असतो. साठी ओलांडलेले काही डोंगरवेडे गट किल्ले सोडून आडबाजूच्या घाटवाटा धुंडाळू लागतात, त्यामागे ही टाचसुद्धा असावी. नाणेघाट सगळ्यांना ठाऊक. पण तैलबैल्याजवळचे वाघजाई आणि सवाष्णी घाट किंवा खोपिवलीहून वर येणारा आहुपे घाट, इथे रानात दिवसभरात एखादा गुराखी भेटला तर भेटला.

गर्दी टाळायला म्हणून निवडलेल्या या वाटा गुडघ्यांनाही मानवतात. किल्ल्याची वाट मुळात चढून येणाऱ्याला दमवण्यासाठी, घाटवाट ओझेवाल्यांसाठी. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी वर यायची, देशावरचं धान्य खाली जायचं, बैलांच्या पाठीवरून नाहीतर माणसांच्या डोक्यावरून. लादलेल्या बैलाला उभा चढ झेपत नाही, म्हणून वाट वळसे घेत चढते आणि मध्येच डोंगराच्या पदरात, म्हणजे मधल्या सपाट टप्प्यावर, आडवी होऊन दम खाऊ देते. नाणेघाटात खोदीव पायऱ्या, पाण्याची टाकी आणि सातवाहनकालीन लेणं आहे, म्हणजे विसाव्याची सोय दोन हजार वर्षं जुनी. नावातच ‘नाळ’ असेल तिथे मात्र दोनदा विचार करावा. नाळ म्हणजे पावसाच्या पाण्याने कोरलेली उभी घळ, धोंड्यांनी भरलेली. बोराट्याच्या नाळेचं नाव काढलं की अनुभवी मंडळी आधी स्वतःचा गुडघा चोळतात.

बहुतेक गट सवयीने घाटमाथ्यावर गाडी लावून खाली उतरायला सुरुवात करतात. साठीनंतर हे उलटं करावं. चढताना दम लागतो, पण थांबलं की तो ओसरतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराला ब्रेक लावत असतो, आणि तो थकला की सगळा भार गुडघ्यावर. दुसरं कारण उन्हाचं. सह्याद्रीची कोकणाकडची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळी बराच वेळ तिच्या पायथ्याशी सावली असते. पहाटे साडेपाचला कोकणातल्या गावातून निघालं, तर चढाचा मोठा भाग ऊन अंगावर यायच्या आत उरकतो. गाडीचा घोळ एसटी सोडवते: पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे २०२२ पासून चक्क फुकट. आधार कार्ड मात्र पाकिटात, सॅकच्या तळाशी नको.

वेळेचा हिशेब कागदावर करावा. गिर्यारोहकांचा एक जुना स्कॉटिश नियम आहे, १८९२ चा: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. सात किलोमीटर अंतर आणि ७०० मीटर चढ असेल तर अडीच तास झाले. हा आकडा तरण्या, दमदार माणसाचा. ज्येष्ठांच्या गटाने तो सरळ दुप्पट करावा, वर जेवणाचा तास. गट आठ-दहांचाच बरा. सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या मागे दुसरा असावा, शेवटी नको. तो शेवटी असला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला रे पोचला की निघतात. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच विसावा नाही.

आता खरा भाग, वाट ओळखण्याचा. कमी वापराची वाट ऑक्टोबरात गवताखाली गेलेली असते आणि फेब्रुवारीत पाचोळ्याखाली. त्यातल्या त्यात डिसेंबर-जानेवारी सोयीचे. जंगलात सगळ्यात फसवी ती ढोरवाट. ती दिसते ठळक, कारण तिच्यावरून रोज खुरं पडतात. पण तिच्यावर वाकून चालावं लागतं, फांद्या गुरांच्या उंचीवरच मोकळ्या झालेल्या असतात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याने छाटलेल्या फांद्यांची टोकं दिसतात. ढोरवाट बहुधा उतारावर आडवी जाते, फाटे फोडते आणि एखाद्या पाणवठ्याशी किंवा गवताच्या माळावर विरून जाते. लाकूडफाट्याची वाट तोडलेल्या बुंध्यांपाशी संपते. जुन्या घाटवाटेची खूण म्हणजे वळणाच्या खालच्या अंगाला रचलेले दगड, झिजलेली पावठी (पाय ठेवायच्या खाचा) आणि कुठेतरी शेंदूर फासलेला देव. शेंदूर ताजा असेल तर वाट अजून वापरात आहे.

कारवीच्या झुडपांच्या रानात वेगळाच पेच. साधारण आठ वर्षांनी कारवी एकदम फुलते, सह्याद्रीत २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. आणि फुलली की मरते. पुढच्या हंगामात वाळलेल्या काठ्या वाटेवर आडव्या पडतात, आणि उभ्या राहिलेल्या काठ्या आधाराला धरल्या की मुळासकट हातात येतात. हिरवी कारवी वजन तोलते, वाळलेली नाही. धरण्याआधी हलवून बघायला एक क्षण पुरतो.

गावात वाट विचारण्याचंही तंत्र आहे. ‘ही वाट वर जाते का?’ असं विचारलं की उत्तर ‘जाती की’. पाहुण्याचा हिरमोड कोण करील? विचारावं ते असं: ‘मामा, वर जायला पुढं कसं कसं जायचं?’ मग ओढा, आंब्याचं झाड, डावीकडचं टेपाड अशा खुणा आपसूक येतात. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पण कड्याच्या कुशीत उपग्रहांचा मोठा भाग झाकला जातो आणि ठिपका पन्नास मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. त्या ठिपक्यापेक्षा गावातला वाटाड्या खात्रीचा. बिदागी आदल्या दिवशीच ठरवावी. अभयारण्यातली वाट असेल तर वनखात्याची परवानगीही.

सामानात दोन गोष्टी हमखास दगा देतात. पहिली, कपाटात जपून ठेवलेले भारीतले बूट. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो. न वापरलेला तर अधिकच. सात-आठ वर्षांनी तो वरून नवा दिसतो आणि तिसऱ्या किलोमीटरला चकतीसारखा सुटतो. निघण्याआधी दोन दिवस इमारतीच्या जिन्यावर चढ-उतार करून बघावा, आणि तीन मीटर सुतळी जवळ असू द्यावी. दुसरी, प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याची खालची बाजू वाचण्यासाठी असते, त्यामुळे पावलाखालचा दगड धूसर दिसतो आणि पायरीचा अंदाज चुकतो. डोंगरासाठी फक्त लांबचा नंबर असलेला साधा चष्मा वेगळा करून घ्यावा.

काठ्या दोन घ्याव्यात. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, चढाला पाच सेंटिमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. अरुंद आडव्या वाटेवर मनगटाचा पट्टा काढून टाकावा, नाहीतर पडताना काठी मनगटालाच पिरगाळते. कातळावर मुरूम पसरलेला असेल तिथे छोटी पावलं आणि तळवा पूर्ण टेकलेला. मागे रेलून चालणारा हटकून बसतो.

वय वाढतं तशी तहान कमी कळते. म्हणून घड्याळाकडे बघून प्यावं, दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट; माणशी तीन लिटर लागतंच. (लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून.) चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. गप्पा बंद पडलेला गट म्हणजे दमलेला गट, हे बिनचूक. कड्याला आग्यामोहळ दिसलं तर मात्र गप्पाही बंद, आणि धूर, अत्तर मुळीच नको.

दुपारी एकपर्यंत माथा गाठता आला नाही, तर कुठून परत फिरायचं ते खालीच ठरलेलं असावं. माथ्यावर पोचल्यावर वाटाड्या मामांना जेवायला थांबवावं, पण फार नाही. त्यांना घरी जायला हीच वाट परत उतरायची असते. वय बहुधा सत्तर, पायात स्लिपर, आणि आपल्याला पाच तास लागलेल्या वाटेला त्यांना दीड.