रात्रीच्या पाळीचा हिशेब

गेल्या श्रावणात गावच्या उपकेंद्रात माझा रक्तदाब १५८/९६ भरला. मी तेथे स्वतःसाठी गेलेच नव्हते. सासूबाईंच्या गोळ्या आणायला गेले होते, आणि गर्दी नसल्याने तिथल्या सिस्टरनी माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला. पुढे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांनी निदान पक्के केले. १४०/९० ही मर्यादा मला पाठ होती, कारण सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून चार वर्षे मी त्यांचे आकडे वहीत टिपत होते. त्या वहीत माझ्या नावाचे एकही पान नव्हते.

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत बहुतेक घरांचे चित्र सारखेच आहे. कर्ता पुरुष मुंबईला, घरी म्हातारी माणसे, शाळेत जाणारी मुले, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक बाई. अशा घराने माणसाची प्रकृती सांभाळली जाते, हे मी नाकारणार नाही. सासूबाईंची वाचा अडखळते, तरी दुपारी मी ओट्याजवळ दिसले की त्या खाटेवरून विचारतात, "जेवलंस काय गो?" हा प्रश्न विचारणारे कोणी नसते तर कित्येक दिवस मी चहावरच काढले असते. मात्र मी "होय" म्हणत असे, आणि ते नेहमी खरे नसे.

सासूबाईंसाठी मी कमी मिठाची आमटी आणि मऊ भात वेगळा शिजवत असे. त्यांना भरवून, पुसून, कपडे बदलून होईपर्यंत तीन वाजत, आणि मग स्वतःसाठी वेगळे कालवण करण्याचे त्राण उरत नसे. सकाळची उरलेली पेज, त्यावर लोणच्याची फोड किंवा चुलीत भाजलेला खारा बांगडा, हेच माझे जेवण झाले होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचाभरसुद्धा नाही. ते मोजमाप मी सासूबाईंच्या ताटाला काटेकोरपणे लावले होते. स्वतःच्या ताटापर्यंत ते कधी पोहोचले नाही.

त्याहून मोठी गोष्ट झोपेची होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. सासूबाईंच्या पाठीवर चार वर्षांत एकही जखम झाली नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की चार वर्षांत सलग तीन तासांची झोप मला क्वचितच मिळाली. अमेरिकेतल्या ओहायो येथे झालेला आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचताना मी या जागी थांबले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर कोपराखाली सारखीच छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात हे तेथे पाहिले होते. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम सरासरी ९ दिवस उशिरा भरली. अभ्यास लहान आहे हे खरे. तरी विळीवर कापलेले माझे बोट पंधरा-पंधरा दिवस का चिघळत राहते, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

गणपतीला मुंबईहून नणंदबाई आल्या. वहीतले माझे नवे पान त्यांनी पाहिले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "वहिनी, आजपासून आईजवळ मी झोपणार. तू माजघरात झोप." पहिल्या दोन रात्री मी सवयीने उठून खाटेपाशी गेले, तिसऱ्या रात्री मात्र थेट काकड्याच्या वेळी जाग आली. त्या अकरा दिवस राहिल्या. विसर्जनानंतर मोजलेला रक्तदाब १३६/८६ होता. गोळी सुरू झालेली होतीच, तेव्हा सारे श्रेय झोपेला देणे बरोबर ठरणार नाही. पण डॉक्टरांनीही झोपेबद्दल दोनदा विचारले.

यजमानांना मी फोनवर सगळे सांगितले तेव्हा ते दुखावले. "आधी का बोलली नाहीस?" या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते. सुनेने करायचे असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी ते आईकडे पाहून उचलले होते, आणि माझी आई पन्नाशीतच मधुमेहाने खचली होती.

आता मुलगा दर शनिवारी रत्नागिरीहून कॉलेजमधून येतो आणि शनिवार-रविवारच्या दोन रात्री आजीची कूस तो बदलतो. वाडीतली एक बाई दुपारी दोन तास बसते, त्यामुळे माझे जेवण एक वाजता होते. काजूचा हंगाम सुरू झाला की ती बागेत कामाला जाईल. ते महिने कसे काढायचे, यावर यजमानांशी बोलणे अजून चालू आहे. वहीत मात्र आता दोघींचे आकडे शेजारी शेजारी असतात, आणि सासूबाई आधी माझा विचारतात.