आगोट

दुपारी जेवून आडवा झालो होतो, बाहेर पागोळ्यांची एकसारखी धार लागली होती आणि फोनवर मेल आला की विशलिस्टमधल्या नऊ गेम्सचे भाव उतरले आहेत. स्टीम या गेम्स विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा समर सेल सुरू झाला होता. जूनच्या अखेरीस, हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या असताना, हा 'समर' नेमका कोणाचा, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो आणि दरवर्षी मी यूपीआयचा पिन टाकतो.

आमच्या घरी तोवर खरेदी संपलेली असायची. मृग लागायच्या आत आजी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. सुक्या मासळीच्या बाजारात ती एक सोडा, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, दातांखाली मोडून खारटपणा पाहायची, बोंबील नाकाशी धरायची आणि "ओले आहेत गो," म्हणून सरळ पुढच्या टोपलीकडे वळायची. भाव पडला म्हणून तिने चार मुठी जास्त घेतल्याचे मला आठवत नाही. घरात माणसे किती आणि पावसाचे दिवस किती, एवढाच तिचा हिशेब असे. आता सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. आजीची बंदी नारळी पौर्णिमेला उठायची आणि तोवर माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सुकटीचा चुरा तेवढा उरलेला असायचा.

माझ्या माळ्यावर १४६ गेम्स आहेत. त्यांतले निम्मे मी डाउनलोडसुद्धा केलेले नाहीत, कारण यादी लावताना मी नाव पाहत नाही, सवलतीचा आकडा पाहतो, आणि ७५ टक्क्यांच्या खालचे काही मला महागच वाटते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. आजीला बोंबील परत करायची सोय नव्हती, म्हणून ती आधी चाखत असे; मला सोय आहे, म्हणून मी चाखतही नाही आणि परतही करत नाही.

गेल्या पावसात स्टारड्यू व्हॅली घेतला. एकट्या माणसाने बनवलेला, २०१६ साली आलेला हा गेम. त्यातला नायक नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर परततो. मी पडद्यावर गाजरासारखी कसलीशी पांढरी मुळे लावत होतो आणि खालच्या मळ्यात काका गुडघाभर चिखलातून लावणीला हाका मारत होते. मी ओ दिली नाही. चाळीस मिनिटांनी वीज गेली, ती गेम पुरता विसरेपर्यंत आली नाही.

यंदा तीनच घेतले. एकाचे डाउनलोड ५० जीबीच्या वर आहे आणि असल्या पावसात नेट मुंगीच्या पावलाने चालते, तेव्हा तो पडद्यावर कधी दिसेल ते वरुणराजालाच ठाऊक.

आजी गेली ती अशाच पावसात, आगोट भरून झाल्यावर. त्या वर्षी नारळी पौर्णिमा उलटली तरी सोड्यांचा डबा तळाला लागला नव्हता.