ओपनएमपीकडून एमपीआयकडे: माझा अनुभव

उष्णतावहनाचा माझा त्रिमितीय कोड विभागातल्या सर्व्हरवर ओपनएमपीनं, म्हणजे एकाच संगणकाच्या सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या गणन-एककांना) काम वाटून देणाऱ्या साधनानं, छान चालायचा. लूपच्या आधी एक ओळ टाकली की सगळे कोअर कामाला लागतात, कारण मेमरी सगळ्यांची सामाईक. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावर अनेक नोड (जाळ्यानं जोडलेले स्वतंत्र संगणक) वापरायचे ठरलं आणि ही सोय संपली. तिथं प्रत्येक नोडची मेमरी वेगळी. शेजाऱ्याकडचा आकडा हवा तर मागवावा लागतो. म्हणजे एमपीआय, निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या फंक्शनांचा संच. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या 1991 च्या परम 8000 महासंगणकातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसरही एकमेकांना असेच निरोप पाठवायचे. इतक्या वर्षांनी हीच पद्धत टिकून आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एमपीआयची फंक्शनं लवकर अंगवळणी पडली. खरा वेळ गेला डेटा कसा कापायचा हे ठरवण्यात. ग्रिड, म्हणजे गणिताच्या बिंदूंची जाळी, 512×512×512; प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रती, 64. थर कापा वा ठोकळे, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 21 लाख बिंदू येतात. पण कडेच्या बिंदूंच्या गणिताला शेजाऱ्याचे बिंदू लागतात. आडवे थर कापले तर मधल्या थराला दोन बाजू मिळून 5,24,288 बिंदू दर पायरीला शेजाऱ्यांकडून घ्यावे लागतात. 128 च्या बाजूचे ठोकळे कापले तर सहा बाजू धरूनही फक्त 98,304. हे गणित कागदावर मांडलं त्या दिवशी निम्मं काम झालं, असं मी आजही मानतो.

मग देवाणघेवाण. सगळ्यांनी आधी सेंड आणि मग रिसीव्ह केलं तर काय होतं, ते मुद्दाम करून पाहिलं. लहान ग्रिडवर प्रोग्रॅम बिनबोभाट चालला, कारण छोटे निरोप बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) मावतात. ग्रिड मोठी केली आणि जो तो समोरच्याची वाट बघत अडकला. नवशिक्यांनी हा प्रयोग जरूर करावा. मी शेवटी आयसेंड-आयरिसीव्ह ही वाट न बघता पुढं जाणारी फंक्शनं घेतली: निरोप सुटले की आतल्या बिंदूंचं गणित उरकायचं, वेटऑलनं सगळे निरोप पूर्ण झाल्याची खात्री झाली की कडेचे बिंदू.

ओपनएमपी सोडलं नाही. दर सॉकेटला (नोडमधल्या दर प्रोसेसर चिपला) एक प्रोसेस, तिच्या आत तिचीच मेमरी वापरणारे ओपनएमपीचे थ्रेड. त्यामुळे निरोपांची संख्या घटते आणि थ्रेड दुसऱ्या सॉकेटच्या मेमरीत हात घालत नाहीत.

उत्तरं जुन्या कोडशी ताडताना एकूण ऊर्जेचे शेवटचे अंक जुळत नव्हते. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमध्ये (ठरावीक अंकांपर्यंतच साठवलेल्या दशांश संख्यांत) हे होणारच. म्हणून आता तुलना सापेक्ष फरकानं करतो, अंकाला अंक लावून नाही.